कीटोवर वजन अडलंय? आधी काजूची बरणी काट्यावर ठेवा

बेळगावात शहापूरला माझं किराणा दुकान आहे. दिवसभर पाव किलो, शंभर ग्रॅम, पन्नास ग्रॅम तोलून द्यायचं, हाच धंदा. काट्यावर वजनमापे खात्याचा शिक्का दरवर्षी मारून घ्यावा लागतो आणि पाच ग्रॅम इकडचे तिकडे झाले तर गिऱ्हाईक तोंडावर बोलतं. असा मी, कीटो (भात-भाकरी-साखर जवळजवळ बंद, चरबी जास्त असा आहार) सुरू केल्यापासून दीड वर्षात तीन वेळा अडकलो. त्यातल्या एकदा तर निव्वळ स्वतःच्या ताटातलं कधी तोललं नाही म्हणून.

आकडे सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं हवेत राहणार नाही. वय ४६, उंची पाच फूट सात इंच, सुरुवातीचं वजन ९४ किलो, आज ७८. मधे काटा ८८ वर थांबला, मग ८५ वर, मग ८० वर. तिन्ही वेळा दिसायला लक्षण एकच, पण कारणं तीन वेगवेगळी. दुकानात येणारे अर्धे लोक आता मला सामानाच्या यादीबरोबर "अडलंय ओ, काय करू?" असंही विचारतात. कुणाला कुणीतरी उपास वाढवायला सांगितलेला असतो, कुणाला तूप वाढवायला, कुणाला सगळं सोडून नुसती अंडी खायला. उपाय सांगायच्या आधी मी उलट विचारतो, की कशावरून अडलंय?

८८ किलो : जे अडलंच नव्हतं

पहिल्या आठ दिवसांत माझं तीन किलो उतरलं होतं. मी सगळ्या गल्लीला सांगून आलो. आता कळतं की त्यात चरबी थोडीच होती. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ठेवतं, मोठ्या माणसात साधारण चारशे-पाचशे ग्रॅम, आणि दर ग्रॅममागे जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. भात-भाकरी बंद झाली की हा साठा बराच रिकामा होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. त्या पहिल्या आठवड्याच्या वेगानं पुढचा हिशेब मांडला, की दुसऱ्या महिन्यात सगळ्यांचंच "अडतं".

त्यात चिकोडीला एक लग्न आलं. आमच्याकडच्या पंगतीत वाढपी कानडीत "बेकू?" (हवं का?) म्हणून विचारतो आणि आपण "साकू" (पुरे) म्हणायच्या आत वाढून मोकळा होतो. पानात मांडा पडला, बासमतीचा भात पडला, वर आमटी. दुसऱ्या दिवशी सकाळी काटा ८९.८. एका जेवणात १.८ किलो! एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानानं ७,७०० कॅलरी. १.८ किलो चरबी अंगावर चढायला गरजेपेक्षा चौदा हजार कॅलरी जास्त खायला हव्यात, आणि तेवढे मांडे वाढप्यानं आणले असते तरी मला गेले नसते. ते पाणी होतं. साखरेचा साठा परत भरला, वर मिठाचं जेवण. सात-आठ दिवसांत ते उतरून काटा पुन्हा ८८ वर आला आणि मी म्हणालो, बघा, दोन आठवड्यांत काही हललं नाही.

माझा काटाही खोटं बोलत होता, ते वेगळंच. आमच्या घरात जुनी शहाबादी फरशी आहे, कुठे खोल कुठे वर. वजनकाटा खिडकीजवळ ठेवला की एक आकडा, कपाटाजवळ ठेवला की सहाशे ग्रॅम कमी. आता खाली प्लायवूडचा तुकडा टाकून तो एकाच जागी ठेवलाय. त्याला कुणी हात लावायचा नाही असा घरात नियम आहे.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन घ्या आणि वहीत लिहा. रोजच्या आकड्याकडे बघून ना हसायचं ना रडायचं. सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून बघा. बेंबीच्या पातळीवर कंबर टेपनं मोजा, तीही आठवड्यातून एकदाच. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० च्या आत असावी असं डॉक्टर धरतात, त्यामुळे तसाही हा आकडा काट्यापेक्षा कामाचा. चार आठवडे सरासरीही हलली नाही आणि कंबरही हलली नाही, तरच अडलं म्हणायचं. बायकांनी पाळीच्या आधीचा आठवडा मागच्या पाळीच्या आधीच्या आठवड्याशीच ताडावा, कारण त्या दिवसांत अंगात पाणी साचतं. पोट साफ होत नसेल तर तेही काट्यावर दिसतं. कीटोवर भाजी कमी पडली की हा त्रास हटकून होतो.

माझी कंबर त्या "अडलेल्या" दिवसांत कमी झाली होती. टेप शिवणाच्या डब्यात होती, मी मोजलंच नव्हतं. पँट सैल होतेय हे बायकोला दिसलं होतं.

८५ किलो : दुकानदाराची चोरी, दुकानदाराकडूनच

हे मात्र खरं अडणं होतं. पाच आठवडे सरासरी जागची हलली नाही, कंबरही तिथंच.

मुलानं लघवी तपासायच्या पट्ट्या आणून दिल्या. सुरुवातीला गडद जांभळ्या व्हायच्या, आता फिकट गुलाबी. मी घाबरलो की कीटोसिस, म्हणजे शरीर चरबी जाळून कीटोन बनवतं ती अवस्था, गेला. पुढे वाचल्यावर कळलं की या पट्ट्या फक्त एका जातीचा कीटोन, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट, पकडतात. रक्तात मुख्यतः फिरतो तो दुसरा, बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, आणि तो त्यांना दिसतच नाही. शरीर सरावलं की लघवीतून कीटोन कमी वाया जातात, पाणी जास्त प्यायलं तरी रंग फिका पडतो. उलट पट्टी गडद झाली तरी तो कीटोन अंगावरच्या चरबीचा की सकाळी कॉफीत घातलेल्या तुपाचा, हे पट्टी सांगत नाही. मुळात हा आहार १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी फेफऱ्याच्या रुग्णांसाठी सुचवला. त्यांच्यासाठी कीटोन हाच उपचार होता. आपल्याला कीटोन नकोत, कंबर कमी हवी. मी पट्ट्या विकत घेणं बंद केलं.

खरं निदान बायकोनं केलं. "अहो, काजूची बरणी चार दिवसांत तळाला जाते की. मी खात नाही, आईंना दात नाहीत. मग जातंय कुठं?"

आमच्याकडे काजू चंदगड-खानापूर भागातून येतात, ताजे आणि गोड. गल्ल्याशेजारी बरणी असते. गिऱ्हाईक नसलं की हात जातो. कीटोत सुकामेवा चालतो असं ऐकलेलं, म्हणून मी ते खाण्यात धरतच नव्हतो. दुसऱ्या दिवशी दुकान उघडताना बरणी काट्यावर ठेवली, बंद करताना पुन्हा ठेवली. ८८ ग्रॅम कमी. त्यात एकही गिऱ्हाइकाला विकलेला नव्हता.

काजू हा सुकामेव्यातला चांगलाच पिठूळ गडी. शंभर ग्रॅममध्ये तंतू वजा जाता साधारण २७ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे पिष्ट आणि साखर, निघतात. बदामात नऊ-दहा, शेंगदाण्यात आठच्या आसपास. म्हणजे माझे ८८ ग्रॅम काजू हे २४ ग्रॅम कार्ब्स आणि जवळपास पाचशे कॅलरी. दिवसाला २० ग्रॅम कार्ब्सच्या आत राहतोय अशी माझी समजूत होती, आणि ती मर्यादा ताट पुढ्यात यायच्या आधी नुसत्या गल्ल्यावरच मोडत होती.

एकदा काटा हातात घेतल्यावर मग सगळंच तोललं. चार दिवस, घरच्यांच्या डोक्याला ताप देत. बिनसाखरेचा चहा चार वेळा, प्रत्येकात साठेक मिली दूध, म्हणजे दिवसाला बारा ग्रॅम दुधातली साखर. पुटाण्याची चटणी, जी आमच्या भागात कशाबरोबरही लागते, दोन मोठे चमचे म्हणजे दहा ग्रॅम. पुटाणी म्हणजे भाजलेली हरभरा डाळच की, पण चटणी झाली की ती डाळ आहे हे माणूस विसरतो. भाजी-अंड्यातला कांदा शंभर ग्रॅम, त्याचे आठ. वाटीभर दह्याचे सहा-सात. बेरीज साठाच्या वर. रविवारच्या मटणाचा रस्सा दाटसर व्हावा म्हणून त्यात डाळव्याचं पीठ पडतं, हे मला त्या आठवड्यात कळलं. लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत.

तरी कार्ब्स हा अर्धाच गुन्हेगार. दुसरा अर्धा तूप. सकाळच्या कॉफीत दोन मोठे चमचे तूप घालायचं फॅड मी कुठूनतरी उचललं होतं. दोन चमचे म्हणजे तीस ग्रॅम, तीस ग्रॅम म्हणजे २७० कॅलरी, आणि नाश्ता वेगळा. भाजीवर पुन्हा वरून. "चरबी खाल्ल्याशिवाय चरबी जळत नाही" हे वाक्य ज्यानं कुणी पसरवलं त्यानं लोकांचं फार नुकसान केलंय असं माझं मत आहे. कीटोवर शरीर चरबी जाळतं हे खरं, पण ताटातून गरजेइतकी आली तर अंगावरचीला हात लावायचं त्याला कारण उरत नाही. तूप पोट भरायला आणि चवीला लागेल तेवढंच घ्यावं. शिवाय काहींचं वाईट कोलेस्ट्रॉल अशा आहारात बरंच चढतं. तीन-चार महिन्यांनी एकदा रक्त तपासून घ्या.

मी काय बदललं? काजूची बरणी गल्ल्यापासून उचलून वरच्या फळीवर, शिडी लावल्याशिवाय हात पोचणार नाही अशा जागी. रविवारी संध्याकाळी वीस-वीस ग्रॅम बदामाच्या सात पुड्या बांधतो, गिऱ्हाइकाला बांधतो तशा, रोज एक. चहा दोनच वेळा. पुटाण्याऐवजी जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी. जवसात कार्ब्स दिसतात, पण जवळजवळ सगळे तंतूच. कॉफीतलं तूप बंद. तीन आठवड्यांत पावणेदोन किलो गेलं. त्यातलं काही पुन्हा पाणीच असणार, पण कंबरही दोन सेंटिमीटर उतरली.

जाता जाता एक, माझ्याच धंद्याच्या विरोधात. माझ्या फळीवर "कीटो" लिहिलेली बिस्किटं आणि चॉकलेटं आहेत. मागची बारीक अक्षरं वाचा. माल्टिटॉल (गोडीसाठी साखरेऐवजी घालतात ते) लिहिलं असेल तर ते साखरेपेक्षा सौम्य असलं तरी रक्तातली साखर वाढवतं आणि कॅलरीही देतं. एक-दोन खाल्ली तर बिघडत नाही, पण पुडा संपवणारे मी रोज बघतो. दारूचंही तसंच. गोवा दोन-तीन तासांवर असल्यामुळे इथं शनिवार-रविवारी तिकडे पळणारे बरेच. बिनगोडाच्या दारूत कार्ब्स नसतात म्हणून ती चालते असं म्हणतात. पण यकृत आधी ती निपटतं, चरबीचं काम तोवर थांबतं, आणि सोबतचा चकणा कुणी मोजत नाही.

मधेच एक गंभीर गोष्ट

मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर अडलेलं वजन हलवायला आपणहून उपास किंवा कार्ब्स आणखी कमी करू नका. साखर एकदम खाली जाऊ शकते, रक्तदाब पडून चक्कर येऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्यांमध्ये डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं नाव असेल तर कीटोबरोबर रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, आणि तोही साखरेचा आकडा फार वाढलेला नसताना. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट दवाखाना. या गोळ्या घेणाऱ्यानं कीटो सुरू करायच्या आधीच डॉक्टरांना विचारायला हवं होतं. नसेल विचारलं तर आज विचारा. खाणं नीट मोजूनही वजन हलत नसेल, थकवा, केस गळणं, थंडी सोसवत नाही असं काही असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्या. स्टेरॉइडसारख्या काही औषधांनीही वजन धरून राहतं.

८० किलो : शरीरच लहान झालं

तिसऱ्या वेळी वहीत चोरी सापडेना. पुड्या मोजलेल्या, तूप मोजलेलं. तरी साडेचार आठवडे काटा ८० वर.

याचं कारण सरळ आहे, पण पचायला जड. ९४ किलोचं शरीर चालवायला जेवढं लागतं तेवढं ८० किलोच्या शरीराला लागत नाही. रिकामा टेम्पो भरलेल्या टेम्पोपेक्षा कमी डिझेल खातो, तसंच. मिफ्लिन आणि सेंट जिओर यांचं १९९० चं एक सूत्र आहारतज्ज्ञ अजून वापरतात. पुरुषासाठी वजन गुणिले १०, अधिक सेंटिमीटरमधली उंची गुणिले ६.२५, वजा वय गुणिले ५, अधिक ५ (बाईसाठी अधिक ५ ऐवजी वजा १६१). ९४ किलोला माझं उत्तर १,७७७ आलं, ८० किलोला १,६३७. ही नुसती पडून राहायची गरज. दिवसभराची हालचाल धरली तर फरक दोनशे कॅलरींच्या आसपास. वर शरीर आणखी थोडी काटकसर करतं आणि माणूस नकळत कमी हलतो. माझंच बघा, पोतं उचलायला पोऱ्या ठेवल्यापासून मी स्टुलावरून उठत नव्हतो. पहिल्या महिन्यात ज्या ताटानं वजन उतरत होतं, त्याच ताटानं आता ते आहे तिथं राहत होतं.

इथं लोक उपास वाढवतात. मी प्रथिनं वाढवली. कीटोवर जास्त प्रथिनं खाल्ली की त्यांची साखर होते अशी भीती घालतात. शरीर प्रथिनांपासून साखर बनवतं, पण बहुतेक गरजेप्रमाणे. चार अंडी जास्त खाल्ली म्हणून कुणाचा कीटो बुडत नाही. जितकं वजन गाठायचंय त्याच्या दर किलोला १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं हे धोरण ठेवलं. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे डॉक्टरांना विचारूनच. ७२ किलोच्या हिशेबानं मला नव्वद-शंभर ग्रॅम हवीत. चार अंडी पंचवीस, दोनशे ग्रॅम पनीर पस्तीस-चाळीस, उरलेलं चिकन नाहीतर बांगडे. शाकाहारी दिवशी पन्नास ग्रॅम सोयाबीन वडी, तिची सव्वीस (कार्ब्स दहा, ते धरायचे). पोट भरलेलं राहतं, त्यामुळे तुपावरचा हात आपोआप आखडतो. पोऱ्याला दुसरं काम दिलं आणि पंचवीस किलोची पोती पुन्हा मी उचलायला लागलो. सकाळी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत चाळीस मिनिटं चालतो. झोप कमी असेल तर तीही वाढवा, रात्री जागलेला माणूस दुसऱ्या दिवशी जास्त खातो. मीठ फार कमी करू नका, कीटोवर मूत्रपिंडं ते जास्त बाहेर टाकतात आणि पायात गोळे येतात. रक्तदाबवाल्यांनी हेही डॉक्टरांना विचारूनच.

एवढं करूनही तेव्हा माझं मन विटलं होतं, हे कबूल करतो. दीड वर्ष जोंधळ्याच्या भाकरीकडे बघायचं नाही म्हणजे चेष्टा नव्हे. आई रोज म्हणायची, "भाकरीनं कोण मेलंय रे आपल्यात?" मग मी तीन आठवडे थांबलो. वजन उतरवायचं नाही, वाढवायचंही नाही, दुपारी एक भाकरी. साठ ग्रॅम पिठाची एक भाकरी म्हणजे चाळीस ग्रॅमच्या आसपास कार्ब्स. पहिल्या चार दिवसांत काटा १.२ किलो चढला, आणि या वेळी मला माहीत होतं ते काय आहे.

त्यानंतर मी कडक कीटोवर परत गेलोच नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ६०९ जणांचा वर्षभराचा अभ्यास छापला. कमी चरबीच्या आहारावर सरासरी ५.३ किलो गेलं, कमी कार्ब्सवर ६ किलो, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाही. (त्यात कीटोइतके कार्ब्स कमी नव्हते, पण माझ्या कामाचं तेवढंच होतं.) आता दुपारची भाकरी ठेवलीय, प्रथिनं ठेवलीत, तूप चमच्यानं मोजून. ८० चे ७८ व्हायला अडीच महिने लागले.

परवा एक ओळखीचे काका आले, तीच तक्रार घेऊन. म्हणाले, "मी काहीच खात नाही ओ, रात्री नुसतं पनीर." किती, विचारलं. त्यांनी हाताचे तळवे जवळ आणून दाखवलं, "एवढंसं." फ्रीजमधनं पनीरचा ठोकळा काढून त्यांच्याकडूनच तेवढा कापून घेतला आणि काट्यावर ठेवला. ३४० ग्रॅम. म्हणजे हजारेक कॅलरी. काकांनी काट्याकडे बघितलं, मग काट्यावरच्या शिक्क्याकडे बघितलं, आणि विचारलं, "हा यंदाचाच आहे काय?"